मावशीच्या कानातले किडे

निरगुडसरच्या पारावर त्या दिवशी मुंगीला शिरायला जागा नव्हती. धुरीबाबा आले होते! कोणाचाही कान दुखो, बाबा त्यातून किडे काढून दाखवत.

पाण्याने भरलेली परात, परातीत विटेवर ठेवलेली तापलेली खापरी, खापरीवर बाबांच्या बटव्यातलं चिमूटभर 'दिव्य बीज', त्यावर भोक पाडलेलं उपडं मडकं. भोकातून निघालेली नळी घोंगडीखाली झोपलेल्या माणसाच्या कानाला लावायची. धूर कानात गेला, की बाबा मडकं उचलत, आणि खाली पाण्यावर पांढऱ्या बारीक अळ्या! बायाबापड्या हात जोडत.

"तोंड झाकलेलं ठेवा! उघडं दिसलं की किडे तिकडून पळतात. ये कलियुग है!" बाबा गरजत.

मी, जयवंत, गावच्या शाळेत विज्ञान शिकवतो. एरवी मी पोटभर हसलो असतो. पण शेजारच्या सयाजीभाऊंचा नातू पप्पू तिथेच तापाने फणफणत पडला होता. उन्हाळाभर शेततळ्यात डुंबलेलं पोर. कान वाहत होता, कानामागे सूज आली होती. मला भीती वाटत होती.

"भाऊ, आताच्या आता मंचरला दवाखान्यात नेऊ."

"न्हाई गुरुजी. अजून दोन धुऱ्या ऱ्हायल्यात. डॉक्टरची सुई लागली की किडं मेंदूत जात्यात, आसं बाबा म्हणत्यात."

"बरं. मग तुमचा नंबर माझ्या मावशीला द्या. लई आजारी आहे."

गुरुजींना बुद्धी आली म्हणून भाऊ खूश झाले. मी घरी जाऊन मावशीला घोंगडीत गुंडाळून, दोन्ही हातांवर उचलून आणलं.

"मावशी बोलत नाहीत?" बाबांनी विचारलं.

"मुळीच नाही."

"किड्यांनी वाचा खाल्ली!" बाबांनी नळी घोंगडीत सारली, मंत्र पुटपुटले, मडकं उचललं. "देखो! सात पिढ्यांचे किडे!"

पाण्यावर अळ्या तरंगत होत्या. मी घोंगडी ओढली. आत आमच्या परसातला भोपळा होता.

पारावर हशा पिकला. बाबा मात्र पक्के.

"अरे, भोपळ्यातपण किडे असतात!"

लोक पुन्हा मान डोलवायला लागले. मी पोरांकडून विळा मागवला आणि भोपळा उभा चिरला. आत स्वच्छ पिवळा गर. मग परातीतलं पाणी बदललं, आणि नळी कशालाच न लावता, नुसती हवेत धरून, मी खापरीवर चिमूटभर बीज टाकलं आणि मडकं उपडं घातलं. उचललं, तर पाण्यावर तेवढ्याच अळ्या.

सयाजीभाऊंनी बटवा हिसकून बी तळहातावर घेतलं.

"आरं, ही तर आपल्या बांधावरची भुईरिंगणी! ढोरंबी तोंड लावत न्हाईत हिला!"

"तीच," मी म्हणालो. "तापलं की बी फुटतं आणि पोटातला गुंडाळलेला पांढरा कोंब उडून पाण्यात पडतो. कानातून काहीच येत नाही."

बाबा चपला विसरून पळाले. भाऊंनी पप्पूला उचललं.

मंचरला डॉक्टर यशोधराताईंनी कानातला पू तपासायला पाठवला आणि औषध लगेच सुरू केलं. पुढे रिपोर्ट आला. जंतू निघाला कॉलऱ्याच्या जंतूचा भाऊबंद.

"कॉलरा?" भाऊ चक्रावले. "अवो ताई, पोराला येक जुलाब झाला न्हाई!"

"हा साथीचा कॉलरा नाही, काका. हे भाऊबंद कोमट, साचलेल्या पाण्यात राहतात आणि कधी कानात शिरतात, कधी जखमेत. डोळ्यांना दिसत नाहीत. परातीत दिसले, तर ते जंतू नव्हेत. दोन धुऱ्यांची वाट पाहिली असती, तर कान कायमचा गेला असता."

महिनाभराने पप्पू अंगणात पाठमोरा खेळत होता. भाऊंनी त्याला चांगला कान हाताने झाकायला सांगितला आणि मागून हळूच म्हणाले, "भोपळ्या!"

"आबा, मला भोपळ्या म्हणू नका!" पोर फणकारलं.

भाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही.

तर मंडळी, कान वाहत असेल, ताप असेल, तर थेट डॉक्टर गाठा. आणि कोणी चमत्कार करून दाखवतो म्हणाला, तर आपलं लेकरू त्याच्या हाती देण्याआधी एकदा भोपळा देऊन बघा.