पिंजऱ्यांखालचा गाळ

मित्रांनो, मी एक जुनी नळी आहे, पण पाण्याची नव्हे. समुद्राच्या तळातला गाळ थरांसकट जसाच्या तसा वर आणण्यासाठी मला जाड, पारदर्शक प्लास्टिकपासून बनवले. आता मला तडा गेला आहे. मी प्रयोगशाळेत बेसिनखाली उभी असते.

माझी मालकीण गाळाची अभ्यासक. सगळे तिला ताई म्हणत. ती मला वजन बांधून होडीतून खाली सोडायची आणि वर आल्यावर उन्हात धरायची. वरचा थर तपकिरी असला, त्यात एखादा किडा वळवळला, की तळ निरोगी आहे म्हणून तिचा चेहरा खुलायचा. "छान आणलंस," असे ती चक्क मलाच म्हणायची.

तिच्या धाकट्या भावाचे खाडीत मासे वाढवायचे जाळीचे पिंजरे होते. एका उन्हाळ्यात मासे खाद्याला तोंड लावेनात, म्हणून त्याने तिला बोलावले. ताईने मला पिंजऱ्यांखाली सोडले. मी वर आले ती काळीकुट्ट होऊन. कुजक्या अंड्यांचा वास होडीभर पसरला. भावाने नाकाला बाही लावली.

"हे काय गं?"

"तुझं उरलेलं खाद्य आणि माशांची घाण. तळातले जिवाणू ते खाऊन संपवतात, पण त्यांना प्राणवायू लागतो. तू इतकं खाद्य टाकलंस की तोच संपला. आता हवेवाचून जगणारे जिवाणू कामाला लागलेत. तेही खातात, पण त्यातून हा विषारी वायू सुटतो. पिंजरे हलव. तळाला जरा उसंत दे."

"थोडं थांब ना. मासे विकायला आलेत. आत्ता ओढत नेले तर निम्मे वाटेतच दगावतील."

"आणि खालचं पाणी वर आलं तर?"

"आजवर कधी आलंय?"

ताईने आग्रह धरला नाही. ओढताना मासे मरतात, हे तिलाही ठाऊक होते. मला गुडघ्यांत उभी धरून ती पाण्याकडे बघत राहिली.

काही दिवसांनी जमिनीकडून जोराचा वारा सुटला. त्याने वरचे पाणी समुद्राकडे लोटले आणि तळाचे पाणी वर आले. आम्ही पोहोचलो तेव्हा मासे पाण्याबाहेर तोंडे काढून धापा टाकत होते. भावाची बायको पंपाने पाण्यात हवा सोडत होती. ताई मला तशीच टाकून मदतीला धावली. मी घरंगळत नांगरावर आपटले. हा तडा तेव्हाचा.

दुपारपर्यंत सगळे पिंजरे पांढरे दिसू लागले. माशांची वर आलेली पोटे होती ती.

"तू सांगितलं होतंस," भाऊ म्हणाला.

"सांगितलं. पण धरून नाही बसले," ताई म्हणाली आणि जाळे घेऊन मेलेले मासे काढू लागली.

आता भाऊ दुसऱ्या जागी थोडेच मासे पाळतो. जुन्या जागी ताई नवी नळी सोडते. माझ्याकडे कोणी पाहत नाही. त्याचे मला फारसे वाईट वाटत नाही. वाटते ते त्या तळाचे. मित्रांनो, तुमच्या हातून जे काही पाण्यात जाते, ते खाली अंधारात कोणीतरी खाऊन संपवत असते. त्यांना झेपेल एवढेच जाऊ द्या.

प्रत्येक फेरीनंतर भावाचा फोन येतो.

"रंग बदलला?"

"अजून नाही. खाताहेत ते. वेळ लागेल."

मग भाऊ पुढच्या फेरीचा दिवस विचारतो. ताई तो सांगते आणि माझ्या डोक्यावरच्या बेसिनमध्ये नव्या नळीतला काळा गाळ धुवायला घेते.