शिडाखालचा ताप

डहाणूच्या खाडीकाठी मासेमार मांगेल्यांची जी वस्ती आहे, तिच्यात देवजी तांडेलाच्या घरी एक जुने शीड होते. देवजीचा बाप एका वादळातून त्याच शिडाच्या बळावर होडी घेऊन परतला होता. पुढे ते विरले, तेव्हा देवजीच्या आईने, बायजीने, ते टाकू दिले नाही. चौपदरी दुमडून तिने त्याला टाके घातले आणि घरात कुणाला ताप भरला की ते त्याच्या अंगावर घालण्याचा शिरस्ता पाडला. ज्याने वादळातून माणसे आणली ते तापातूनही आणील, अशी तिची श्रद्धा. त्या श्रद्धेला एक पोटनियमही होता: होडी समुद्रात असताना आजाऱ्याच्या अंगावरून शीड काढायचे नाही. काढले तर समुद्रातल्या शिडाचा वारा जातो.

एकोणीसशे अठ्ठावन्न साली, भाद्रपद सरता सरता, हे शीड बायजीच्या सुनेच्या, चंद्रावतीच्या, अंगावर आले.

चंद्रावती तेव्हा पन्नाशीच्या उंबरठ्यावर होती. तिची पाळी थांबून वर्ष होत आले होते, आणि तेवढी एक कटकट गेली म्हणून तिला बरेच वाटले होते. नव्या दुखण्याचा त्या गोष्टीशी काही संबंध असेल, हे तिच्या स्वप्नातही नव्हते. मासळी निवडता निवडता छातीपाशी एकाएकी ऊब दाटून येई. ती मानेवरून चेहऱ्यावर चढे, कानाच्या पाळ्या तापत, चुलीत तोंड घातल्यासारखे होई. मग घामाच्या धारा लागत आणि चोळी पाठीला चिकटे. थोड्याच वेळात सारे ओसरे आणि ओल्या अंगाला खाडीचा वारा लागून ती शहारे. रात्रीही तेच, उशाचे फडके पिळून काढावे इतके भिजे.

बायजीच्या दृष्टीस पडे ते हे शेवटचे शहारणे. तिने हिवतापाचे निदान केले. घरोघर फवारणी करीत फिरणाऱ्या सरकारी माणसाने बोटातून रक्त नेले होते, त्यात काही निघाले नाही असा निरोपही आला होता. परंतु जेथे दर पावसाळ्याअखेरी कुणी ना कुणी हिवतापाने अंथरूण धरी, तेथे थरथरणाऱ्या बाईला दुसरे काय होणार? काडेचिराइताचा कडू काढा सुरू झाला आणि शीड अंगावर आले.

ते ओझे सोसणे सोपे नव्हते. एरवी जी आग उठून विझे, ती शिडाखाली कोंडून राही. तरी चंद्रावती निमूट पडून राही, कारण नवरा देवजी आणि मुलगा गणू पाण्यावर होते. एका दुपारी मात्र तिने ते अंगावरून लोटून दिले. त्याच दिवशी वारा पडला आणि दुपारची होडी दिवेलागणीला आली. बायजीने शीड उचलून पुन्हा नीट पसरले, आणि त्यानंतर चंद्रावतीने ते कधी हलवले नाही.

तिचा जीव टांगला होता तो वाणगावच्या बाजारातल्या जागेवर. स्टेशनाजवळच्या चिंचेखाली तिची आई सुकी मासळी घेऊन बसे, तिच्यामागून चंद्रावती बसे. त्या बाजारात मासेवाल्यांचा एक ठराव होता. नवरात्रात अनेक घरी मासळी वर्ज्य. नवरात्र उठले की पहिल्या बाजाराला गिऱ्हाईक तुटून पडते. त्या दिवशी जी ज्या जागेवर बसेल, तिची ती जागा वर्षभर. आजारी बाईने माणसांना खायची वस्तू विकू नये, हे बायजीचे म्हणणे. ती बरी होईपर्यंत चिंचेखाली चंद्रावतीची चुलत जाऊ पुतळी बसत होती. पुतळी मनाची चांगली होती, पण तिच्या पदरी चार पोरे होती. वर्षभराची जागा आपण होऊन मिळाली तर ती नको म्हणण्याइतकी कुणाचीच परिस्थिती नव्हती, आणि हे दोघींनाही ठाऊक होते.

पुतळी बाजारातून परतताना दर खेपेला डोकावे.

"तुझी गिऱ्हाइकं विचारतात, ती तोंडाळ कुठं गेली," ती म्हणे. "मी सांगते, तिला शिडात गुंडाळून ठेवलीय. वारा सुटला की उभारणार."

"नवरात्र उठलं की मीच उभी राहते बघ."

"राहा की. मी काय चिंच उपटून घरी नेते?"

दोघी हसत.

नवरात्रात, अष्टमीच्या दिवशी, पुतळी भर दुपारी दारात आली ती बोलायला नव्हे. तिचे दात वाजत होते, ओठ निळसर पडले होते आणि कडक उन्हात ती दोन्ही हात काखेत दाबून काकडत होती. होड्या त्या दिवशी किनाऱ्याला होत्या, म्हणून बायजीने चंद्रावतीच्या अंगावरचे शीड घेऊन पुतळीवर घातले. पुतळीने ते हनुवटीपर्यंत ओढले आणि आणखी पांघरूण मागितले. चंद्रावती तिच्या उशाशी बसली. थंडी बराच वेळ चालली. मग अंग तव्यासारखे तापले, पुतळी असंबद्ध बोलू लागली. ऊन कलल्यावर घाम फुटला, ताप उतरला आणि ती झोपी गेली.

चंद्रावतीने सारे आरंभापासून अंतापर्यंत पाहिले होते.

"आये," ती सासूला म्हणाली, "हिला आधी थंडी वाजली."

"हिवतापात वाजतेच."

"मला आधी कधी वाजली नाही. मला आधी आग होते, मग घाम सुटतो, थंडी सगळ्यांत शेवटी. तू जवळ येतेस तेव्हा माझं संपत आलेलं असतं."

आधी भरती की आधी ओहोटी, यावर ज्या बायजीने जन्मभर होड्या पाण्यात लोटताना पाहिल्या, तिला क्रमाचे महत्त्व सांगावे लागत नव्हते. ती झोपलेल्या पुतळीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "माझी आय तुझ्या वयात होती, तेव्हा तिन्हीसांजेला खाडीत गुडघाभर पाण्यात जाऊन उभी राहायची. आम्ही पोरं म्हणायचो, होडीची वाट बघते." पुतळीचे पांघरूण सारखे करीत तिने पुढे जोडले, "होडी तर किनाऱ्याला बांधलेली असायची."

दुसऱ्या दिवशी चंद्रावती पुतळीला आधार देत सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. तेथल्या डॉक्टरीणबाईंनी पुतळीचे रक्त घेतले, गोळ्या दिल्या. मग चंद्रावतीला बसवून विचारले: खोकला आहे का, अंग वाळते आहे का, पाळी केव्हा थांबली. तपासून झाल्यावर त्यांनी सांगितले की हा हिवताप नव्हे, क्षयही नव्हे. पाळी जाण्याच्या सुमारास शरीराची आतली घडी बदलते. अंगाची ऊब राखणारी व्यवस्था काही काळ बिचकते आणि उगीचच उष्णता बाहेर टाकू लागते. कुणाला हे वर्षभर होते, कुणाला पाच-सात वर्षे, कुणाला मुळीच होत नाही. जड पांघरूण घेऊ नये, काढता-घालता येईल असे पातळ असावे. चोळी सैल, सुती असावी. कढत चहा, जहाल तिखट आणि ताडी यांनी झळ वाढते असे वाटले तर ती कमी करावीत. झळ आली की वाऱ्याला बसावे, मानेवर ओले फडके ठेवावे, श्वास सावकाश घ्यावा. मात्र पुन्हा रक्त दिसले, वजन उतरू लागले किंवा खरोखरीचा ताप आला, तर तडक यावे.

चंद्रावतीने एकच विचारले, "बाजारात बसू का?"

"बसा. हे कुणाला लागत नाही. आणि झळ आली म्हणून घाबरू नका. जशी येते तशी जाते."

घरी तिने संध्याकाळची ताडी सोडली, चहा निववून घेऊ लागली, जुने लुगडे फाडून रात्रीचे पांघरूण केले. झळा थांबल्या नाहीत. पण येणार हे कळले, जाणार हेही कळले, आणि भीती गेल्यावर त्यांचा अर्धा जोर गेला. आता शीड तेवढे उरले; होडी निघाली तसे बायजीने ते सवयीने पुन्हा चंद्रावतीच्या पायांवर टाकले होते. डॉक्टरीणबाईंचे म्हणणे बायजीला पटले होते. परंतु ज्या घरात शीड एकदा आजाऱ्यावर आले, तेथे होड्या बाहेर असताना ते बाजूला कसे सारायचे? नवरात्र उठले होते. पहिला बाजार दुसऱ्या दिवशी होता, आणि देवजी-गणू त्या सकाळी दोन दिवसांसाठी समुद्रावर गेले होते. पुतळीचा ताप उतरला होता, पण ती उठण्याजोगी नव्हती. चंद्रावतीने पाटी भरली नाही. मुलगा पाण्यावर असताना सासूचा नियम मोडून चिंचेखाली बसणे तिला जमले नसते.

दुपारी बायजी चंद्रावतीजवळ तिच्या पायांवरच्या शिडाची कड मांडीवर घेऊन बसली. महालक्ष्मीच्या डोंगराच्या दिशेने तिने हात जोडले, आणि मग आपणच घातलेले टाके ती एकेक करून उसवू लागली. चार पदरांचा एक पदर झाला. ते इतके विस्तीर्ण होते हे चंद्रावतीने प्रथमच पाहिले.

"उद्या हे ने," बायजी म्हणाली. "चार बांबू लाव आणि वर बांध. अंगावरून शीड काढायचं नाही, एवढाच नियम आहे. किती उंच असावं, ते कुणी सांगितलेलं नाही."

वाणगावच्या चिंचेखाली सकाळचे तिरपे ऊन शिरे. त्या दिवशी तिच्याखाली शीड फडफडत होते. सकाळपासून बोंबील आणि जवळा यांच्यावर गिऱ्हाईक तुटून पडले. डोंगराकडच्या सायवनहून पायी आलेली बुधी पुढ्यात उकिडवी बसून भाव पाडीत असतानाच चंद्रावतीच्या छातीपाशी ऊब दाटली. तिने तागडी खाली ठेवली, पाण्यात भिजवलेले फडके मानेवर घेतले आणि डोळे मिटून बसून राहिली.

"काय गं, ऊन लागलं?" बुधीने विचारले.

"आतलं ऊन आहे. थांब जरा, जाईल."

बुधी तिच्याच वयाची होती. तिने चंद्रावतीच्या घामेजल्या कपाळाकडे पाहिले, वर शिडाकडे पाहिले, आणि आवाज उतरवून म्हणाली, "मग सरक थोडी."

चंद्रावतीने पाटी बाजूला ओढून जागा केली. पश्चिमेकडून वारा लागला होता. शीड भरून आले, आणि त्याच्याखाली दोघी वाऱ्याकडे तोंड करून बसल्या.