कानात सांगितलेलं नाव

नीलक्का म्हणजे माझी थोरली नणंद. आवाज असा, की ती लातूरहून फोनवर बोलली तरी निलंग्यातल्या माझ्या शेजारणीला ऐकू जावं. आमच्या जयाच्या बारशाला ती टोपडं घेऊन आली, ती खोकतच.

"औषध घेतलं का, अक्का?"

"मला काय धाड भरलीय? नुसता ठसका हाय."

नाव ठेवायचा मान आत्याचा. अक्कानं पाळण्यात वाकून जयाच्या कानाशी ओठ नेले, 'कुर्र' केलं आणि नाव सांगितलं. रिवाजाप्रमाणे आम्ही बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, सगळ्यात जोरात मी. तिला उबळ आली. ती तशीच पाळण्यावर वाकून खोकत राहिली आणि आम्ही हसत राहिलो.

पुढच्या आठवड्यात जया खोकायला लागली. उबळ आली की निळी पडायची, श्वास घ्यायचाच विसरायची. लातूरला दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आधी विचारलं, "घरात मोठ्या कुणाला खोकला आहे?" मी नवऱ्याकडं बघितलं. महांतेशनं मान खाली घातली.

डांग्या खोकला होता. मोठ्या माणसाला तो साधाच वाटतो, पण खोकताना उडणाऱ्या थेंबांतून जंतू तान्ह्या बाळाच्या छातीत जातात, बाई म्हणाल्या. त्याची लस दीड महिन्याचं झाल्यावर देतात. माझी जया तेवढी मोठी झालीच नाही.

तिला मातीत ठेवून आल्यावर महांतेश मला म्हणाला, "अक्काला सांगू नको. ती जीव देईल."

जया गेल्यावर अक्का आमच्याकडंच राहिली होती; मी तिला काही कळू दिलं नाही. पण अक्का गळा काढून "कुणाची नजर लागली गं माझ्या लेकराला?" म्हणायची, तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तिच्या ताटात भाकरी वाढायलाही नको वाटायचं.

आमच्या लिंगायतांत सुतक पाळत नाहीत. त्यामुळं धाकट्या दिराच्या बाळाचं बारसं ठरल्या दिवशीच होणार होतं, जावेच्या माहेरी, किल्लारीला. तिथंही आत्या हीच.

"खोकला उतरलाय आता तिचा," महांतेश म्हणाला. कुठला उतरलाय? डोळे पुसत, खोकत अक्का पिशवी भरत होती. वर नवं टोपडं ठेवलेलं होतं.

मी पिशवी तिच्या हातातून घेतली. "अक्का, तुम्ही जायचं न्हाई." आणि सगळं सांगून टाकलं.

अक्कानं पदर तोंडावर घट्ट धरला. "मी?" एवढंच म्हणाली. शेजारणीचं सोडा, मलाच ते धड ऐकू आलं नाही. माझा राग कुठं गेला, कळलं नाही. नुसतं रडू आलं.

बारशादिवशी दिरानं किल्लारीत बाळाच्या कानाशी फोन धरला. इकडं आमच्या स्वयंपाकघरात बसून अक्कानं 'कुर्र' केलं, नाव सांगितलं. तिकडच्या बायका हसत ओरडल्या, "आता अक्काला धपाटे कोण घालणार?"

अक्का माझ्याकडं पाठ करून बसली.

"घाल, सुकन्या," ती म्हणाली. "लई जोरात घाल."

मी हात उचलला. तो तिच्या पाठीवर नुसता टेकला आणि तिथंच राहिला. फोनमध्ये ते बाळ रडत होतं, चांगलं खणखणीत. आम्ही दोघी ऐकत बसलो.