एक टाका राहिलेली कुंची

मी एक जुनी कुंची आहे. जुनी म्हटल्यावर, मित्रांनो, तुम्हाला वाटेल की माझ्या आत कितीतरी बाळांची डोकी ऊब घेऊन मोठी झाली असतील. तसं काही नाही. पहिली चार वर्षं मी एकाही डोक्यावर बसले नव्हते. न वापरताच जुनी झाले. तुमच्यापैकी काहींनी कुंची पाहिली नसेल, म्हणून सांगते. बाळाच्या डोक्यावर टोपीसारखी बसते आणि मागे मानेवरून पाठीवर उतरते, वारा लागू नये म्हणून, ती कुंची. आणि आधीच कबूल करते की मी जन्माची भित्री आहे. कात्रीला भिते, उंदराला भिते, डांबरगोळीच्या वासाला तर फारच भिते. पण आज सांगणार आहे ती भीती वेगळी होती.

माझा जन्म पोखर्णीचा. नरसिंहाच्या देवळाजवळ सोमेश्वरचं नारळ-प्रसादाचं दुकान आहे. त्याची बायको शिवरंजनी हाताची मोठी गुणी. कापसाच्या वाती, लोकरीची तोरणं, चिंध्यांच्या बाहुल्या असं काहीबाही ती घरी करायची आणि दुकानात मांडायची. लोक बाहुली हातात घेऊन विचारायचे, "तुमच्या लेकीनं केली का?" ती नुसती हसायची. तिला लेक नव्हती, लेकही नव्हता. दोन बाळं पोटातच गेली होती. दुसऱ्या खेपेला तिनं झबली, दुपटी, सगळं हौसेनं शिवून ठेवलं होतं. बाळ काही आलं नाही. सोमेश्वरची आई बसम्मा, तिच्या मनानं तेव्हापासून घेतलं की सामान आधी तयार झालं म्हणूनच असं झालं.

पुढं दोघांनी ठरवलं की मूल दत्तक घ्यायचं. फॉर्म भरला त्याच आठवड्यात शिवरंजनीनं मला शिवायला घेतलं. तिच्या लग्नातल्या शालूचा तुकडा, सोमेश्वरच्या लहानपणीच्या सदऱ्याची पाठ आणि कडेला रामा रंगाची पट्टी. मी निम्मी झाले आणि बसम्मानं मला पाहिलं. मला वाटलं, संपलं आता, चुलीत जाते मी. पण बसम्मा खाली बसली, मला उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाली, "शिव, पर पुरी करू नको. मागची शिवन उघडी ठेव. अस्तर नको, बंद नको. लेकरू उंबऱ्याच्या आत आलं की मग मी सोता शेवटचा टाका घालते."

म्हणून मी अर्धवटच राहिले. मागून उसवल्यासारखी, आतून उघडी, बांधायला बंद नाहीत. अशा अवस्थेत चार वर्षं काढायची म्हणजे काय, ते तुम्हाला कसं सांगू! लग्नघरात सगळे नटूनथटून बसलेत आणि आपल्या सदऱ्याला गुंडीच नाही, तसं वाटायचं.

बसम्माला तुम्ही वाईट समजू नका. तीही माझ्याइतकीच घाबरलेली होती, एवढंच. रोज सकाळी अंघोळ झाली की ती कपाळाला विभूती लावायची, गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घ्यायची आणि बेल वाहायची. सोमवारी एक पान जास्तीचं असायचं. ते वाहताना ती हळूच म्हणायची, "जिथं असंल तिथं नीट ठेव रे बाबा." कोणाला, ते तिनं कधी सांगितलं नाही. मी मात्र समोरच्या कोनाड्यात, शिवणाच्या डब्यात असायचे, मला कळायचं.

मग एकदा घर पाहायला दत्तक संस्थेच्या ताई आल्या. त्यांचं नाव रेणुका. त्या दिवशी घरातली भांडीसुद्धा घाबरली असतील. ताई काय विचारतील, काय लिहून नेतील, घर पसंत पडेल की नाही, या काळजीनं बसम्मा जी स्वयंपाकघरात जाऊन बसली ती चहा झाला तरी बाहेर आलीच नाही. मी शिवरंजनीच्या मांडीवर होते. ती बोलता बोलता माझी रामा पट्टी मुठीत आवळत होती. रेणुकाताईंनी तिला सगळं समजावून सांगितलं. नंबर लागायला तीन-चार वर्षं जातील. एखाद्या मुलाची आणि तुमची गाठ जुळली की त्याला मॅचिंग झालं असं म्हणतात. मग अठ्ठेचाळीस तासांच्या आत तुम्ही होकार कळवायचा. नाही कळवला तर ते मूल पुढच्या कुटुंबाला जातं.

हा शब्द, मित्रांनो, नीट लक्षात ठेवा. मॅचिंग. मी ठेवला होता. बसम्मा त्या वेळी स्वयंपाकघरात होती.

चौथं वर्ष सरत आलं. पौष लागला. आमच्या परभणीची थंडी पेपरात येते, इतकी कडक पडते. एके दिवशी रेणुकाताईंनी सांगितलं की तुमचा नंबर आता बराच वर आलाय. शिवरंजनीला धीर धरवेना. ती मला घेऊन परभणीला तात्यारावांच्या मॅचिंग सेंटरला गेली. ब्लाउजपीस, फॉल, अस्तर मिळतं ते दुकान. माझ्या आतून लावायला तिला डाळिंबी रंगाची मऊ मलमल हवी होती. ती संपली होती. माल आला की फोन करतो, असं तात्याराव म्हणाले. तिनं घरचाच नंबर दिला. घरी आल्यावर हे बसम्माला समजलं आणि ती एवढंच म्हणाली, "मी काय सांगितलं होतं?" शिवरंजनी म्हणाली, "आत्याबाई, चार वर्षं झाली." पुढं दोघी बोलल्या नाहीत.

घरचा फोन म्हणजे सोमेश्वरचा जुना फोन. चार वर्षांपूर्वी फॉर्मवर त्याचाच नंबर गेला होता. आता तो बसम्माजवळ असायचा. त्यातले मेसेज कोणी वाचत नसे. ईमेल तर फॉर्म भरून देणाऱ्या माणसाचाच दिला होता, आणि तो दुकान बंद करून कधीच निघून गेला होता.

सोमवार होता. बाराची वेळ. शिवरंजनी आणि सोमेश्वर दुकानात. बसम्माची पूजा नुकतीच आटोपली होती आणि फोन वाजला. तिला कमी ऐकू येतं, म्हणून फोनचा आवाज घरभर जातो. मी तो आवाज ओळखला. रेणुकाताई होत्या.

"शिवरंजनीताई आहेत का? मॅचिंग झालंय. मेसेजही आलाय तुम्हाला. अठ्ठेचाळीस तासांत कळवायचंय, नाहीतर पुढच्यांना जाईल."

बसम्मानं एकदा माझ्याकडं पाहिलं. मग फोनला तोंड लावून म्हणाली, "आमाला नको."

"नको? आजी, तुम्ही ताईंना विचारता का?"

"मी सासू हाय तिची. आत्ता नको म्हनले की. जाऊ द्या पुढच्याला."

आणि तिनं फोन ठेवून दिला. तिला वाटलं, कापडवाल्याचा फोन होता. तिला वाटलं, आपण एक अपशकुन टाळला. समाधानानं तिनं कपाळावरची विभूती नीट केली.

माझ्या अंगातला एकेक टाका थरथरला. बाळ आलं होतं! फोनवरून दारापर्यंत आलं होतं आणि त्याला आम्ही परत पाठवलं होतं. मी ओरडले नसते का? पण कुंचीला तोंड असतं कुठं! तोंडाच्या जागी माझ्यात भोकच आहे, दुसऱ्याच्या तोंडासाठी ठेवलेलं.

संध्याकाळी शिवरंजनी आली. बसम्मानं तिला सरळ सांगून टाकलं की मॅचिंगवाल्याचा फोन आला होता, मी नको म्हणून सांगितलं. मला वाटलं, आता ती विचारेल, कोण मॅचिंगवाला, काय म्हणाला. पण रुसलेल्या माणसाला प्रश्न सुचत नाहीत. ती "बरं" म्हणाली. मग उठली, मला डब्यातून काढलं आणि ट्रंकेत तळाशी, त्या जुन्या झबल्या-दुपट्यांच्या खाली ठेवून वर झाकण लावलं.

तिथं डांबरगोळ्यांचा वास होता आणि अंधार होता. पण मी अंधाराला भ्यायचं विसरले होते. मी तास मोजत होते. देवळातली आरती ऐकली की इतके झाले, बसम्माची घंटी वाजली की इतके झाले. मंगळवार उजाडला आणि गेला. त्या बाळाला माहीत तरी असेल का, की त्याच्या नावाचं घड्याळ चाललंय? शेजारचं दुपटं मला म्हणाल्यासारखं वाटलं, आता तूही आमच्यातलीच. इतकी भीती मला कात्रीचीही कधी वाटली नव्हती.

बाहेर काय चाललं होतं ते मला आवाजावरून कळत होतं. शिवरंजनी जेवत नव्हती. तोरण अर्धवट पडलं होतं, वाती वळल्या जात नव्हत्या. बसम्मा मात्र फिरत होती. आतून बाहेर, बाहेरून आत.

बुधवारी सकाळी ट्रंकेचं झाकण उघडलं. बसम्मा होती. घंटी वाजली नव्हती, म्हणजे त्या दिवशी तिनं पूजासुद्धा केली नव्हती. मला छातीशी धरून ती पुटपुटली, "पोरीचं तोंड बघवना झालंय. घेऊन देते तिला तिचं डाळिंबी कापड. काय व्हायचं ते माझ्यावर हू दे." तिनं मला पिशवीत घातलं, कधीचा बंद पडलेला फोनही घातला, कोणाला न सांगता रिक्षात बसली आणि परभणी गाठली.

तात्यारावांच्या दुकानात ती पोचली तेव्हा अकरा वाजून गेले होते. मला गल्ल्यावर ठेवून ती म्हणाली की परवा तुमचा फोन आला होता, तवा मी नको म्हनले, आता द्या ते कापड.

तात्यारावांनी चष्मा वर केला. "मावशी, आमी फोन न्हाई केला. माल काल संध्याकाळी आलाय."

"केला की. बाई बोलत होती. मॅचिंग झालंय म्हनली. अठ्ठेचाळीस तासांत सांगा म्हनली."

"आमच्याकडं बाईमानूस कोन न्हाई. आन् कापडाला अठ्ठेचाळीस तास कशाला लागत्यात?"

बसम्मानं माझ्याकडं पाहिलं. 'आजी' असं म्हणाली होती ती बाई, हे तिला आठवलं असावं. सूनबाई कसल्या फोनची चार वर्षं वाट पाहत होती, हेही आठवलं असावं. ती तिथल्याच स्टुलावर बसली. "तात्याराव," ती म्हणाली, "मी लेकराला नको म्हनले वो."

तात्यारावांनी फोन चार्जरला लावला. तो सुरू व्हायला लागली ती दोन मिनिटं मी जन्मात विसरणार नाही. मग मेसेज टणाटणा पडू लागले. त्यांनी वाचले, रेणुकाताईंना फोन लावला. ताई म्हणाल्या, मी किती वेळा लावला, फोन बंद होता. नुसतं फोनवर नको म्हटल्यानं काही होत नाही, होकार वेबसाइटवरच नोंदवावा लागतो, पण बाराच्या आत. बाराला बावीस मिनिटं कमी होती.

तात्यारावांनी आपल्या फोनवरून सोमेश्वरला गाठलं. वेबसाइट उघडून तो पोखर्णीत, आणि ओटीपी येणार बसम्माच्या हातातल्या फोनवर. तात्याराव एकेक आकडा वाचत होते, आणि ऐकू येवो न येवो, बसम्मा तोच आकडा मोठ्यानं म्हणत होती. पहिला ओटीपी चुकला. दुसरा आला. दुकानातली दोन गिऱ्हाइकंही हातातलं कापड सोडून उभी राहिली होती. पलीकडून सोमेश्वरचा आवाज आला, "माय, झालं." आणि मग शिवरंजनीचं रडणं ऐकू आलं. बसम्मानं मला डोळ्यांना लावलं. मी भिजले, आणि पहिल्यांदाच मला भिजायची भीती वाटली नाही.

बाळ घरी आलं तेव्हा मी पुन्हा घाबरले. ते बाळ नव्हतंच. अडीच वर्षांची मुलगी होती. तिचं डोकं माझ्याहून मोठं! मला वाटलं, चार वर्षं थांबून मी तोकडीच निघाले. पण बसम्मानं माझी उघडी राहिलेली मागची शिवण पाहिली आणि म्हणाली, "बरं झालं शिवली न्हाई." आपल्या इरकल लुगड्याच्या पदराची पट्टी तिनं मधे घातली, शिवरंजनीनं आतून डाळिंबी मलमल लावली, बंद लावले. मी बरोबर बसले. फक्त शेवटचा एक टाका बसम्मानं घालायचा ठेवला. कलेक्टर साहेबांची दत्तकाची ऑर्डर होईपर्यंत मूल कागदावर आपलं नसतं, असं तिनं कुठूनतरी ऐकलं होतं.

मुलीचं नाव ईश्वरी ठेवलं. ती कोणाशी बोलत नसे. भांडं पडलं की दचकायची, दार वाजलं की पलंगाखाली जायची आणि मला दोन्ही हातांनी कानांवर ओढून घ्यायची. माझ्यापेक्षा भित्रं असं कोणी मी पहिल्यांदाच पाहिलं. तिचं काळीज धडधडायचं ते मला ऐकू यायचं. मी तिला घट्ट धरून ठेवायचे. दुसरं मला काही येतच नाही.

ऑर्डर झाली त्या दिवशी बसम्मानं बेल वाहिला आणि सुईत दोरा ओवला. ईश्वरीपुढं बसून, शेवटचा टाका घालायला, तिनं मला हळूच उतरवायला घेतलं. दोन इवल्या मुठी माझ्या बंदांवर आल्या.

"नको," ईश्वरी म्हणाली.

आमच्या घरात तिचा तो पहिला शब्द. शिवरंजनी स्वयंपाकघरातून धावत आली. बसम्मानं सुई खाली ठेवली. त्याच खोलीत, त्याच जागी बसून तिनं हाच शब्द एकदा म्हटला होता. ती हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "बरं माय," ती म्हणाली, "तू नको म्हनलीस तर नको."

मित्रांनो, तुमच्या घरी एखादी वस्तू अर्धवट पडलेली दिसली तर ती टाकून देऊ नका. ती कोणाचीतरी वाट पाहत असेल. आणि फोनवर कोणाला नको म्हणायच्या आधी एकदा विचारा, तुम्ही कोण बोलताय. मला अजूनही भीती वाटते, कात्रीची, उंदराची, आणि फोन वाजला की फारच. ईश्वरी आता शाळेत जाते, पण थंडीत मला घालते. तुम्ही कधी आमच्याकडं आलात आणि मला हातात घेतलंत, तर जरा जपून घ्या. मागच्या बाजूला माझा एक टाका कमी आहे.