बुऱ्हान उस्तादांचा मुलगा

गादी भरताना आधी कोपरे भरायचे. मधला भाग कुणालाही भरता येतो.

०

कोरीट. सन १९३४. अपत्य: मुलगा. बापाचे नाव: दगडू रमजान. जात: पिंजारी. मुलाचे नाव: (कोरे)

०

आपला अर्ज त्रुटीपूर्ततेसाठी परत पाठविण्यात आला आहे.

०

ओली असल्याशिवाय ती बोलत नाही. वेताची पातळ पट्टी, क्लॅरिनेटच्या तोंडाशी आवळून बांधलेली. म्हणून वरातीत वाजवणारा माणूस ती आधीपासूनच तोंडात धरून बसतो. नवरीचा मामा काहीतरी विचारतो, हा नुसता मान हलवतो. मामाला वाटतं, वाजंत्र्याला घमेंड चढली.

०

वर्गात लायबाने हाडांची नावं संस्कृतात म्हणून दाखवली. सरांनी विचारलं, संस्कृत कुठे शिकलीस. ती म्हणाली, "इथंच सर, भीतीपोटी."

०

नंदुरबार. शाळेत दाखल, सन १९४१. नाव: नथ्थू. बापाचे नाव: बुऱ्हान उस्ताद. जात: मुसलमान.

०

हे सगळे तुकडे अजीजच्या डोक्यात एकाच वेळी फिरत असत आणि त्यांची शिवण काही केल्या जुळत नसे.

अजीज नंदुरबारला गाद्या भरतो. रुई पिंजायचं मशीन सुरू केलं की भुवयांपर्यंत पांढरा होतो. गावात त्याला अजीज शेख, अजीज अमुक असं कुणी म्हणत नाही. अजीज पिंजारी म्हणतात. त्याची मुलगी लायबा आयुर्वेदाच्या कॉलेजात लागली ती याच नावावर, ओबीसीच्या जागेवर, पिंजारी म्हणून. घराण्यात कॉलेजाचं तोंड पाहणारी पहिली. पण ती जागा टिकवायची तर जातीची पडताळणी हवी, आणि पडताळणीला १९६७ च्या आधीचा कागद हवा. लायबाच्या बापजाद्यांपैकी कुणाच्या तरी नावापुढे पिंजारी लिहिलेला.

अजीजचे वडील जाकीर शाळेत गेलेच नव्हते. लहानपणापासून बँडबरोबर ढोल वाजवत फिरले आणि तसेच फिरता फिरता वारले. म्हणजे गाडी अजीजच्या आजोबांवर येऊन थांबत होती. आजोबा नथ्थू. क्लॅरिनेटवाले.

"बठ्ठं गाव तुले पिंजारी म्हनस," ऑनलाइन अर्ज भरून देणारा हेमकांत म्हणाला, "फक्त सरकारले माहीत नही. सरकारले एक गादी भरी दे फुकट, मंग वळखी तुले."

"मस्करी नको करू भो. पोरना प्रवेश जाई."

"मस्करी कोठे करस मी? हाई देख." हेमकांतने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. कोरीटच्या जन्मनोंदीची नक्कल आणि शाळेच्या रजिस्टरची नक्कल. दोन्ही मिळवायला अजीजने दुकान बंद ठेवून किती हेलपाटे मारले होते ते त्याचं त्याला माहीत. "कोरीटना कागदवर पिंजारी शे, पन पोऱ्यानं नाव नही. शाळाना कागदवर पोऱ्यानं नाव शे, पन बाप दुसराच. तुन्हा आजाले दोन बाप व्हतात का?"

होते. हेच तर सांगायचं होतं.

०

अजीजची आई नजमुन्निसा सांगते (हे कुठल्याही कागदावर नाही; दादा म्हणजे आजोबा, नथ्थू):

"तुझे दादा सहा-सात वर्षांचे होते. पिंजायच्या कमानीच्या तारेवर बोटाने सूर काढत बसायचे, काम राहायचं बाजूला. दगडूदादांनी बघितलं, हा पोरगा रुईचा नाही. त्यांनी नेऊन बुऱ्हान उस्तादांच्या पायाशी घातला. उस्तादांनी मनगटाला गंडा बांधला. तेव्हा रीत अशी होती बेटा, गंडा बांधला की पोरगा उस्तादाचा. घर उस्तादाचं, नाव उस्तादाचं. जन्म देणाऱ्याने त्यानंतर पोराला बेटा म्हणून हाक मारायची नाही."

"मग दगडूदादा कधी आलेच नाहीत?"

"यायचे की. मी नवीन सून होते. दाराबाहेर बसायचे, चहा प्यायचे. तुझे दादा त्यांना चाचा म्हणायचे. मला तर बरीच वर्षं ते चाचाच वाटायचे. एकदा बँड गल्लीतून जात होता, तुझे दादा पुढे वाजवत होते. चाचा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी म्हटलं, चाचा, बघा ना किती छान वाजवतात. म्हणाले, ऐकू येतंय."

०

पडताळणी समितीकडून चौकशीचं पत्र आलं. दक्षता पथकाचे साहेब येणार, जुन्या जाणत्या माणसाचा जबाब घेणार. नथ्थू हा दगडू पिंजाऱ्याचाच मुलगा, हे डोळ्यांनी पाहिलेला, नात्यातला नसलेला माणूस हवा होता.

असा एकच माणूस उरला होता. ब्राह्मणपुरीचे चुनीलाल आबा. गुजर, नव्वदीच्या पुढचे, केळीच्या बागा नातवांकडे देऊन ओट्यावरच्या खाटेवर मुक्काम टाकलेले. त्यांच्या घरच्या गाद्या दगडूने भरलेल्या आणि त्यांच्या लग्नात नथ्थूने वाजवलेलं. दोघांना ओळखणारं, नात्याबाहेरचं दुसरं कुणी तापीच्या या काठाला नव्हतं, त्या काठालाही नव्हतं.

निघताना हेमकांतने बजावलं, "एक ध्यानमा ठेव. डोकराले काही शिकाडू नको. पाठ करेल दिसनं का साहेब कागद फेकी दीन. त्याले जे माहीत शे तेच बोलू दे."

अजीजने ते ध्यानात ठेवलं.

आबांनी त्याला आधी खालपासून वरपर्यंत बघून घेतलं. "नथ्थूना नातू? मंग इतला काया कसा? तो गोरा व्हता."

"रुई पिंजी का मी बी गोरा दिसस, आबा."

आबा हसले, खोकले, परत हसले. "मन्हा लगीनमा त्यानी असं वाजाडं, का भटजी मंतर भुली गया. मी बी भुलनू का लगीन मन्हंच शे. सासरा म्हने, नवरदेवले हालाडा."

अजीजने हळूच विषय काढला. "आबा, नथ्थू कोना पोऱ्या व्हता?"

आबांनी आजूबाजूला पाहिलं. सून सरलाबाई आत होती. ते पुढे वाकले. "दगडू पिंजाराना. मन्हा बापले दगडूनीच सांगेल. आठेच बशीसन तो पिंजे. पन हाई घरनी बात शे बरं. नथ्थूसमोर कोनी 'पिंजाराना पोऱ्या' म्हनं का तो बाजा खाले ठेवी दे. एकदाव मन्हा काकानी म्हनं. अर्धी वरात मुकी गयी. तधळपाइन गावमा कोनी म्हनं नही."

अजीजच्या अंगावरून महिन्यांचं ओझं उतरलं. माणूस होता, त्याला सगळं ठाऊक होतं, आणि स्मरण खणखणीत होतं.

"साहेब येतीन आबा. तुम्हले हाईच इचारतीन. तुम्ही सांगशात ना?"

"सांगसू ना. मरेल मानुसनी आब मी जावा देसू का?"

आब म्हणजे अब्रू. हे वाक्य कानाला टोचायला हवं होतं. अजीजला ते होकारासारखं लागलं. तरीही त्याच्या ओठावर आलं होतं की आबा, मला म्हणालात तसंच म्हणा. पण शिकवायचं नाही असं ठरलं होतं, आणि नव्वदीच्या माणसाला काय बोलावं ते सांगायचं त्याच्या जिवावर आलं. त्याने पाय धरले आणि निघाला.

०

साहेब आले. स्वभावाने बरे होते. त्यांनी अजीजला सांगितलं, "तुम्ही जरा लांब थांबा. माझ्यासाठी नाही, तुमच्यासाठीच."

अजीज वाड्याच्या टोकाला, उतरवून ठेवलेल्या केळीच्या घडांपाशी जाऊन उभा राहिला. तिथून ओटा दिसत होता, ऐकू काही येत नव्हतं. आबांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं, टोपी घातली होती. लग्नाला बसल्यासारखे ताठ बसले होते. मध्येच त्यांनी उजवा हात खांद्यावर नेऊन दाखवला. अजीजला वाटलं, दगडूदादांची खांद्यावरची कमान दाखवताहेत. त्याने मनातल्या मनात त्यांचे पुन्हा पाय धरले.

ओट्यावर जे बोललं गेलं ते असं:

— नथ्थू कुणाचा मुलगा?

— बुऱ्हान उस्तादना. दुसरा कोना ऱ्हाई?

— जन्म कुणाच्या घरी झाला?

— मानुसले बाप एकच ऱ्हास साहेब. बुऱ्हाननी मयत निंघनी तधळ पुढला खांदा नथ्थूनी दिधा. मन्हा डोयाघाई देखेल शे.

— दगडू रमजान पिंजारी नावाच्या माणसाला ओळखत होता?

— वळखू ना. गाद्या भरे. भला मानूस.

— त्याचं आणि नथ्थूचं काय नातं?

इथे आबांनी लांब उभ्या अजीजकडे पाहिलं. घाबरू नको, मी आहे, अशी मान हलवली. अजीजनेही हलवली.

— काही नही.

आणि कागदावर जे लिहिलं गेलं ते असं:

सदर नथ्थू हा बुऱ्हान उस्ताद यांचा पुत्र असून दगडू रमजान पिंजारी यांचेशी त्याचे कोणतेही नाते नव्हते, असे साक्षीदार स्वखुशीने व कोणाच्याही दबावाशिवाय सांगतात. अंगठा.

०

साहेबांची जीप गेल्यावर आबांनी अजीजला जवळ बोलावलं. "बेफिकीर ऱ्हाय. कोनाले बोट दखाडाले जागा ठेवी नही मी."

"काय सांगं, आबा?"

आबांनी सांगितलं. एकेक वाक्य, हातवाऱ्यांसकट. खांद्याचं पुन्हा करून दाखवलं. शेवटी म्हणाले, "साहेबनी दोन-तीन दाव फिराई फिराई इचारं. मी बी पक्का. नथ्थू आते वरतून देखत व्हई तर म्हनी, चुन्यानी मन्हं नाव राखं."

सरलाबाईने चहा आणला. अजीजने कपाकडे पाहिलं, मग आबांकडे. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले होते. एका मेलेल्या मित्राची आब त्याने आयुष्याच्या टोकाशी येऊन राखली होती, आणि आता त्या मित्राच्या नातवाकडून त्याला एवढंच ऐकायचं होतं की बरं केलंत. काय सांगणार? की आबा, तुम्ही माझ्या पोरीची जागा घालवली? साहेबांमागे धावून म्हणू की हे खोटं बोलले? ते खोटं बोललेच नव्हते. नथ्थू जिवंत असता आणि त्याला विचारलं असतं, तर त्यानेही अक्षर न बदलता हेच सांगितलं असतं, आणि वर बाजा खाली ठेवला असता.

"चांगलं करं, आबा," अजीज म्हणाला आणि चहा प्याला.

०

वंशावळ, शपथपत्रासोबत जोडलेली:

दगडू
|
(                )
|
नथ्थू
|
जाकीर
|
अजीज
|
लायबा

कंस हेमकांतने घातलेला नव्हता. छापताना तिथे रेघ होती. समितीपुढच्या सुनावणीत कुणीतरी ती पेनने खोडून तिथे रिकामा कंस केला.

०

"जबाब बदलाना का?" अजीजने हेमकांतला विचारून पाहिलं.

"बदलना तर पहिला बी खोटा, दुसरा बी खोटा. डोकराले या उमरमा कोर्टमा उभा करशी?" या वेळी हेमकांतने मस्करी केली नाही, त्यावरूनच अजीज काय ते समजला.

बुऱ्हान उस्तादांचे सख्खे पणतू नंदुरबारातच आहेत. पथकाने त्यांचेही दाखले काढले. त्यांवर शेख आहे. समितीचा निकाल पानभर होता आणि त्यात एकही वाक्य कठोर नव्हतं. अर्जदाराचे पूर्वज शेख असल्याचे दिसून येते. पिंजारी जातीचा दावा सिद्ध होत नाही.

अजीजने तो दुकानात उभ्याने वाचला. गिऱ्हाईक थांबलं होतं. "पिंजारीभाऊ, मन्ही गादी कधी देशी?" ते म्हणालं.

"परवा," अजीज म्हणाला.

०

लायबा पेटी घेऊन घरी आली. तिने पुस्तकं फळीवर लावली, मग काढली, मग परत लावली. आई अस्मा स्वयंपाकघरात उगाच भांडी आपटत होती. नजमुन्निसाने नातीला विचारलं, जेवलीस का. तिने सांगितलं, जेवले. जेवली नव्हती.

संध्याकाळी ती दुकानात येऊन बसली. बापाच्या हातातली मोठी सुई घेतली आणि गादीला टाके घालू लागली. कोपऱ्यापासून. टाका सरळ पडत होता. अजीजला वाटलं, वाकडा पडला असता तर बरं झालं असतं.

"अब्बा," ती म्हणाली, "परदादा बजाते कैसा थे?"

अजीजने आठवून पाहिलं. तो दोन वर्षांचा असताना नथ्थू वारला होता. ध्वनिफीत नाही, फोटोही एकच, तोही बँडच्या तिसऱ्या रांगेत, टोपीने तोंड झाकलेला. आई 'छान वाजवायचे' एवढंच सांगायची; त्याहून जास्त सांगू शकणारं माणूस एकच जिवंत होतं, आणि त्या ओट्याची पायरी अजीजला आता चढवत नव्हती.

"अच्छा बजाते थे बोलते," तो म्हणाला.

"कौन बोलते?"

मशीन चालू करायला तो उठला. रुई उडाली, दोघांच्या केसांवर बसली. मशीनच्या आवाजात तिने पुन्हा काही विचारलं असेल तर ते त्याला ऐकू आलं नाही.

०

१९४१ साली नथ्थूला शाळेत घालायला उस्ताद गेले नव्हते, ते त्या दिवशी शहाद्याच्या लग्नात होते. त्याला घेऊन दगडू पिंजारी गेला होता, आणि मास्तरांनी बापाचं नाव विचारलं तेव्हा त्यानेच सांगितलं, बुऱ्हान उस्ताद.