चौसष्टमधले बासष्ट

स्वानंद म्हणजे विमानाच्या तेवीस किलोच्या बॅगेत ग्रॅमही न सोडता भाजणी-मेतकूट कोंबणारा माणूस. लीड्सच्या हॉस्पिटलमधल्या डेटाबेसलाही त्याने सर्व्हरच्या चौसष्ट जीबी मेमरीतली बासष्ट देऊन टाकली. "थोडी मोकळी ठेव," असं साहेबीणबाई उल्काताई म्हणाल्या, तर म्हणे, "मोकळी ठेवून काय लोणचं घालायचंय?"

सोमवारी सकाळी उरलेल्या दोन जीबीत सर्व्हर गुदमरला. मेमरीतला मजकूर डिस्कवर फेकायचा, पुन्हा ओढून आणायचा, एवढंच करत बसला. रक्ताचे रिपोर्ट चाळीस मिनिटं अडकले. आत बायकोचा रक्तस्राव थांबत नव्हता, अशा एका माणसाने खुर्ची घालून रिसेप्शनची काच फोडली, रिसेप्शनचा बंद पडलेला कॉम्प्युटर बघायला आलेल्या स्वानंदच्या गळ्यातलं आयटीचं कार्ड वाचलं आणि कार्डाच्याच दोरीने त्याला ओढून नाकावर दोन ठोसे हाणले. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

सिक्युरिटीने त्या माणसाला जमिनीवर दाबलं. उल्काताईंनी स्वानंदला कीबोर्डसमोर बसवलं. "नाक नंतर. आधी बासष्टचे बावन्न कर."

कीबोर्डवर रक्त टपकत असताना त्याने आकडा बदलला. चार मिनिटांत रिपोर्ट आला, त्या बाईला रक्ताची पिशवी लागली.

दुपारी पोलिसाने विचारलं, तक्रार करायची का?

स्वानंदने उल्काताईंकडे पाहिलं. "बाई वाचली?"

"वाचली."

"मग नको."

"शहाणा आहेस," उल्काताई म्हणाल्या. "आता पुण्याहून येताना बॅगेतही दोन किलो जागा ठेव."