बॉक्स पडला तर

माझं बाळ, ओमकार, झोपला की मला जेमतेम अर्धा तास मिळतो. त्या आठवड्यात तो अर्धा तास मी माझ्या नणंदेला, धम्मदिनाला, दिला होता. ती वडपे गावातल्या गोदामात पॅकिंगला होती. शिफ्ट इनचार्जच्या जागेसाठी तिची मुलाखत होती, तीही इंग्रजीतून. ही जागा मिळाली तर तिची रात्रपाळी सुटणार होती.

बाळाला मांडीवर थोपटत मी हळूच विचारलं, "इफ अ बॉक्स फेल, व्हॉट वुड यू डू?"

"मी न्हाय पाडला."

"अगं, अजून पडलाच नाहीये!"

"मग फेल कशाला म्हणतेस, वहिनी? फेल म्हणजे पडला ना?"

"आपणही तसंच म्हणतो की. बॉक्स पडला तर काय करशील? पडला म्हणतो, पण पडलेला असतो का?"

ती हसली. "म्हणजे गोरे आपल्यासारखेच हायत."

आतून सासूबाई म्हणाल्या, "आधी कांदा चिरून दे, मग कर गोऱ्यांशी सोयरीक."

नियम तिला तेव्हाच कळला. तरी दुसऱ्या दिवशी मी "इफ अ ट्रक केम लेट" एवढंच म्हटलं, तर ही लगेच, "माझी चूक न्हाय!"

"धम्मा, कळतंय तर तुला सगळं. मग असं का?"

ओमकारचा निघालेला मोजा ती नीट चढवत होती. "आमच्याकडं पडला, फुटला, हरवला असं कोण बोललं की समजायचं, कुणाची तरी हजेरी कापणार. तोंडातून आधी तेच निघतं गं."

मी इंग्रजीचं पुस्तक मिटलं. त्यानंतर आम्ही व्याकरण केलंच नाही. मी नुसतं 'पडला', 'फुटला' म्हणत राहायची आणि ती न घाबरता ऐकून घ्यायची. कधी ओमकार मध्येच उठायचा, मग तेवढ्यावरच थांबायचं.

जागा तिला मिळाली.

पहिल्याच दिवशी पॅकिंगवरच्या पंढरीकाकांच्या हातून मिक्सरचा बॉक्स निसटला. लाइन थांबली. ही जवळ पोचायच्या आत काका म्हणाले, "म्या न्हाय पाडला."

संध्याकाळी हे सांगताना तिनं ओमकारला कडेवर घेतलं होतं.

"मग तू काय म्हणालीस?" मी विचारलं.

"म्हटलं, काका, पायावर तर न्हाय ना पडला? त्यांना बसवलं, पाणी दिलं. मग बॉक्स उघडला."